हनिमूनला गोफण

हॉलवाल्याचा फोन पाच वाजता येणार होता. चार वाजून वीस मिनिटांनी नानांनी लग्नाची गोष्ट काढली.

"नाना, आत्ता नको," अनिरुद्ध म्हणाला. त्याच्या पुढ्यात सातशे नावांची यादी होती. गेला महिनाभर त्याने साकीनाक्याचा गाळा कामगारांवर सोडून अंधेरीतले सहा हॉल पालथे घातले होते. बायकोला तिच्या शेवटच्या आजारात त्याने शब्द दिला होता, पोरीचं लग्न असं करीन की लोक नाव काढतील. आणि पोरगी म्हणत होती, गावच्या विहारात पंधरा माणसांत करायचं, नाहीतर नकोच. नवऱ्या मुलाबद्दल, विशालबद्दल, कोणाची तक्रार नव्हती. तरी बापलेक तीन आठवडे एकमेकांशी धड बोलत नव्हते.

"तू कर रे तुझी यादी. तुला कोण सांगतंय?" नाना म्हणाले. "मी नातीला सांगतोय."

संघमित्रा खिडकीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

नानांचं लग्न त्या घरात दोनदा एकसारखं कधी झालं नव्हतं. एकदा वऱ्हाड पुरात अडकलं. एकदा बैल उधळले आणि नवरा दुसऱ्याच मांडवात जाऊन उभा राहिला. फोटो एकही नव्हता, त्यामुळे नानांना मोकळं रान होतं. गेल्या महिन्यात सातबाऱ्याच्या कामाला ते नातीला घेऊन गावी जाऊन आले, तेव्हापासून मात्र जरा गप्प गप्प होते. आज पुन्हा रंगात आले.

"तर विहाराला कुलूप. किल्ली धोंडूकडे, आणि धोंडू गेलेला तुरीच्या शेंगा तोडायला. दोन तास नवरानवरी पायरीवर बसून हुरडा खात होते. नवरीच्या पांढऱ्या साडीला ही काजळी."

"या वेळी पूर नाही वाटतं?" अनिरुद्धने यादीतून डोळे न काढता विचारलं.

"थंडीत कुठला पूर?"

"हार तरी होते का?"

"बांधावरची शेवंती. सुई सापडेना, म्हणून नवरीनं बाभळीच्या काट्यानं ओवली."

सुंदराबाई लसूण सोलत बसल्या होत्या. अनिरुद्ध त्यांच्याकडे वळला. "आई, खरं का गं हे?"

"मला काय विचारतोस? मी कुठे होते तिथे," सुंदराबाई म्हणाल्या.

अनिरुद्ध हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"त्रिसरण, पंचशील, प्रतिज्ञा. पंचवीस मिनिटांत लग्न लागलं," नाना म्हणाले. "जेवायला सतरा माणसं. भाकरी, भरीत आणि वर गूळ."

"आणि हनिमून? तो पण विहाराच्या पायरीवर?"

संघमित्रा उठली आणि पाणी प्यायला आत गेली.

"शेतातल्या माळ्यावर. ज्वारीला पाखरं लागली होती. भाऊबंद म्हणाले, हे दोघं रिकामेच आहेत, बसू दे राखणीला. नवऱ्याच्या हातात गोफण दिली. त्याचा पहिलाच धोंडा शेजाऱ्याच्या म्हशीला."

अनिरुद्धने पेन खाली ठेवलं. "नाना, काहीपण. मला गोफण तुम्हीच शिकवली ना?"

"हनिमूनला कोणाचा नेम लागतो रे?"

"दुसऱ्या दिवशी जमली त्याला," संघमित्रा आतून म्हणाली.

"तुला बरं माहीत."

"नानांच्या गोष्टी पाठ आहेत मला, पप्पा."

तिने आपल्याला पप्पा म्हटलं, हे अनिरुद्धच्या लक्षात आलं. त्याने खुर्ची नानांच्या जवळ ओढली. "मग? पाखरं गेली?"

"अर्धी ज्वारी खाऊन गेली. पण त्या दोघांना विचारशील तर असे दोन दिवस कोणाच्या वाट्याला आले नसतील. रात्री थंडीनं कुडकुडायचे, सकाळी पत्र्याचा डबा बडवायचे." नाना थांबले. "एक सांगायचं राहिलं. विहारात पहिल्या रांगेत एक चटई टाकलेली होती. तिच्यावर नवरीनं कोणाला बसू दिलं नाही. सरपंच टेकत होता, त्यालाही उठवलं."

"का?"

"बापाची जागा. त्या दिवशी पोरगी दिवसभर हसत होती. रडली ती त्या चटईकडे बघून, तेवढंच."

अनिरुद्धने यादी उचलली, दोन पानं उलटली, परत ठेवली.

पाच वाजता फोन वाजला. त्याने तो बराच वेळ वाजू दिला.

"हां, बोला. नाही, तारीख सोडून द्या. दुसरा हॉल नाही घेतला साहेब, गावी करतोय. विहारात."

संघमित्रा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"पंधरा माणसं म्हणालीस ना? सोळावा मी," अनिरुद्ध म्हणाला. "मला पहिल्या रांगेत चटई पाहिजे. आणि तुझ्या आईची समजूत मी काढीन."

ती तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

"आता काय झालं? तुझ्याच मनासारखं केलं ना?"

सुंदराबाईंनी लसणाची परडी बाजूला ठेवली आणि नानांकडे बघितलं. नाना सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते.

"पण नाना, एक कळलं नाही," अनिरुद्ध म्हणाला. "आजोबा आले का नाहीत? पोटच्या पोरीच्या लग्नाला बाप येत नाही म्हणजे काय?"

"त्याच्यावर रागावू नकोस," नाना म्हणाले. "त्या बिचाऱ्याला कोणी कळवलंच नव्हतं. तो त्या दिवशी इथे अंधेरीत चौथा हॉल बघत होता."