सुभेदारांना हुकूम कोण देणार?

“हवालदार, तू मला हुकूम देणार?”

सुभेदार कुशाबा सकपाळांनी खिडकीच्या गजाआडून विचारलं आणि एवढ्याशा बोलण्यानेही त्यांना धाप लागली. दाराला आतून कडी. बाहेर चाळीच्या गॅलरीत हवालदार अभय घाडी, अंगात पीपीई किट आणि किटच्या आत घामाची आंघोळ.

“हुकूम नाही साहेब, विनंती करतोय. हात जोडतो. चला हो!”

“विनंतीवर फौज हलत नाही. मी माझी पोस्ट सोडणार नाही.”

आता काय बोलायचं या माणसाशी! सकाळी बोटाला लावलेल्या यंत्राने ऑक्सिजन ऐंशीच्या खाली दाखवला होता. खाली भोईवाड्याच्या नाक्यावर अँब्युलन्स उभी. ती आणि एक ऑक्सिजनची खाट मिळवायला माजी सैनिक संघाने जंग जंग पछाडलं होतं. संघ म्हणजे तरी कोण? परळ-लालबागच्या चाळींतले अभयसारखेच फौजेतून निवृत्त झालेले शिपाई, नाईक, हवालदार. कोरोनाच्या पहिल्या लाटेपासून ते म्हाताऱ्या सभासदांना दूध, औषधं, डबे पोचवत होते. या दुसऱ्या लाटेत मात्र माणसं हातची जायला लागली होती. हॉस्पिटलवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, लगेच आणा, नाहीतर खाट दुसऱ्याला देऊ. त्यांचं तरी काय चुकलं? आणि इथे पेशंट दार उघडेना.

बाहेरच्याला हसू येईल, पण संघात रँक कधी निवृत्त होत नाही. सभेत सुभेदार आले की सगळे उभे राहणार. चहाचा पहिला कप त्यांचा. नाईकाने हवालदाराला चुकून ‘अरे’ म्हटलं की पुढची सभा होईपर्यंत अबोला. त्यामुळे दार फोडून सुभेदारांना उचलायची कुणाची छाती होईना. त्यांच्या वरचा माणूस संघात एकच, अध्यक्ष कॅप्टनसाहेब. ते वरळीला स्वतःच अंथरुणाला खिळलेले. फोन लावला तर नुसता खोकला ऐकू आला.

मागच्याच आठवड्यात सुभेदारांच्या शेजारचा राजाराम याच जिन्याने खाली गेला होता. तो परत आलाच नाही. त्याला न्यायला उशीर झाला, हे अभयच्या मनातून जात नव्हतं. सुभेदारांची मुलगी नाशिकहून फोनवर नुसती रडत होती, “काका, काहीही करा, पण बाबांना न्या.”

काहीही म्हणजे काय करायचं?

तेवढ्यात याच चाळीतल्या सुमेधाताई परब डबा घेऊन आल्या. संघातल्या एका नाईकाच्या त्या विधवा. महापालिकेच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवलेली बाई. किटमध्ये डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेल्या, डोळ्यांवर गॉगल. सगळा प्रकार ऐकून त्यांनी डबा अभयच्या हातात कोंबला.

“सुभेदारापेक्षा मोठं कोण असतं रे?”

“मेजर, कर्नल... पण ताई, आत्ता कुठून आणू?”

“सरक बाजूला.”

आणि देवाशपथ सांगतो, अख्खी चाळ हादरली.

“सुभेदार साब! मैं कर्नल बोलती! ये क्या लगाया है? दरवाजा खोलो और गाडी में बैठो! ये मेरा हुकूम है!”

अभयने डोळेच मिटून घेतले. मेलो, त्याला वाटलं. असली हिंदी बोलणारा कर्नल कुठल्या फौजेत असतो? आता सुभेदार खवळणार आणि उरलासुरला श्वासही त्यातच घालवणार.

कडी सरकली.

सुभेदार दारात उभे होते. चौकट धरून, पण छाती पुढे, टाचा जुळवून. “जी, मॅडम,” ते म्हणाले. पाय लटपटत होते तरी जिन्याकडे वळले. अभयने खांदा दिला. मागून ‘लेफ्ट, राइट’ चालूच होतं.

खाट मिळाली. मधले काही दिवस फार वाईट गेले. मग एकदा सुभेदारांचाच फोन आला, इथल्या आमटीला चव नाही अशी तक्रार करायला. अभय लालबागच्या फुटपाथवर उभा राहून लहान पोरासारखा रडला. माणूस वाचला होता! संघातल्या प्रत्येकाला त्याने ती आमटीची तक्रार कळवली आणि प्रत्येकजण ती ऐकून पोटभर हसला.

सुभेदार घरी आले तेव्हा वाळून काटकी झाले होते, पण गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते ऐटीत. अभय शेजारी उभा. तिकडे नळावर सुमेधाताई कुणाची तरी बादली मध्येच घुसल्याबद्दल खरडपट्टी काढत होत्या. अभय अवघडला. आवाज ओळखला तर?

“कर्नलसाहेब आज फॉर्मात आहेत,” सुभेदार म्हणाले.

“म्हणजे... साहेब, तुम्हाला कळलं होतं?”

“वीस वर्षं शेजारी राहतोय. रोज सकाळी हाच आवाज ऐकून उठतो मी.”

“मग तुम्ही दार का उघडलंत?”

सुभेदारांनी राजारामच्या कुलूप लावलेल्या खोलीकडे पाहिलं.

“भ्यालो होतो रे. जातो म्हणायला तोंड उघडत नव्हतं. कुणीतरी हुकूम देईल, म्हणून वाट बघत होतो.”