बादलीतलं प्रवाळ

बत्त्याच्या एका घावात फिशटँक फुटला आणि खारं पाणी घरभर पसरलं.

"दिवसभर त्या दगडाची सेवा," शिरीष ओरडला, "आणि नवऱ्याला गार जेवण."

वृंदा काचांमध्ये गुडघ्यांवर बसली. तिच्या हातून जगलेलं हे पहिलंच प्रवाळ. कालच त्यानं इवल्या हिरव्या सोंडा बाहेर काढून खाणं घेतलं होतं. तळवा चिरला, तरी तिनं ते उचललं आणि पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेल्या बादलीत सोडलं. शिरीषनं केस धरून तिला भिंतीवर आपटलं. मग बादली उलटवायला लाथ उगारली.

ती लाथ बसली सासूच्या नडगीवर. मारहाण सुरू झाली की टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या सुमतीबाई आज बादलीपुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या कोसळल्या, पण बादली हलली नाही.

"आई, तू मध्ये कशाला आलीस?" शिरीष चाचरला.

सुमतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्याच्या बापाच्या लाथा मी मुकाट्यानं खाल्ल्या, तेच बघून हा शिकला," त्या सुनेला म्हणाल्या. "बादली उचल, वृंदा. आणि माझ्याही चपला घे."