धाकानं उतरलेली साखर

वसमतच्या दवाखान्यात रिपोर्ट उघडायच्या आधीच मसाजीनं बायकोकडं बोट दाखवलं. "गोडाला हात लावला तर हात मोडीन म्हणून सांगून ठेवलंय हिला. माझ्या धाकानं साखर उतरलीच असंल, बघा मॅडम."

उतरली होती. तीन महिन्यांची सरासरी निरोगी माणसासारखी आली होती. मसाजी हसला. सत्यभामाबाई पदर कपाळावर ओढून खाली बघत बसली.

डॉक्टर मॅडमनी तिच्या बोटाला सुई टोचून यंत्रावर थेंब घेतला. तीनशे दहा. त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला.

"मग ही सरासरी खरी नाही. तीन महिन्यांत रक्ताला जेवढी साखर चिकटते, तेवढी यात दिसते. जुनं रक्त वाहून गेलं की अंगात नवं तयार होतं, आणि नव्याला साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. बाईंचं इतक्यात बरंच रक्त गेलंय का?"

"न्हाई," मसाजी म्हणाला. टेबलाखाली त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. "रगत काहून जाईल?"

सत्यभामाबाईनं दुसऱ्या हातानं पदर मागं सारला. भांगापासून कानापर्यंत टाक्यांचा वण होता. त्यावर अजून केस आले नव्हते.

"नरसीच्या परसादाचा एक पेढा खाल्ला होता, मॅडम. सतरंजी भिजली तरी रगत थांबत नव्हतं," ती म्हणाली. "साखर धाकानं न्हाई उतरली. कुदळीच्या दांड्यानं उतरली."