धड एक वाक्य

"पुन्हा चुकलीस!" त्सियालानं कपाळाला हात लावला. "उद्या तिथं अशी बोललीस, तर हेही घर गेलंच म्हणून समज."

गुरुवारची दुपार म्हणजे इटलीतल्या बारी शहरात म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या जॉर्जियन बायकांची सुट्टी. बागेतल्या बाकांवर डबे उघडले होते, गप्पांना ऊत आला होता. लमाराच्या हातातली चीजची पोळी मात्र तशीच होती. तीन घरांतून तिला काढलं होतं, आणि तिन्ही वेळा घात केला तो इटालियन भाषेनं. राहायचं म्हाताऱ्याच्याच घरी, त्यामुळे काम गेलं की डोक्यावरचं छप्परही जातं. सध्या ती ओळखीच्या बायकांच्या खोलीत जमिनीवर झोपत होती.

"या वयात जीभ वळत नाही गं," ती म्हणाली. खरंच दमली होती बिचारी.

"वळवावी लागते, बाई! परक्या देशात पोट जिभेवरच चालतं. चल, पहिल्यापासून म्हण."

दुसऱ्या दिवशी नव्या घरी मालकीण लोयाकोनोबाईंनी तिला स्वयंपाकघरातच उभं केलं. "याआधी कुठं होतीस?"

"मी... काम करतो. म्हातारी... मेला. मी खूप रडतो."

बाईंना हसू आवरेना. "कोसिमो, अरे हिला तर ओ की ठो कळत नाही!"

लमाराची मान खाली गेली.

"मग हीच बरी," नवरा कॉफी ढवळत म्हणाला. "मागची सगळं ऐकून बाबांचे कान भरायची. एकदा घर नावावर झालं की त्यांना टाकू वृद्धाश्रमात. तोवर हिच्यासमोर मोकळं बोलता तरी येईल."

आतल्या खोलीत म्हातारबाबा खिडकीशी बसले होते. तिचा हात धरून हळूच म्हणाले, "पोरी, माझ्याशी दोन शब्द बोलशील ना? इथं कुणी बोलत नाही."

दार उघडं होतं. बाई बघत होत्या. लमारा नुसती हसली, तिनं मान हलवली आणि त्यांची शाल नीट केली.

संध्याकाळी त्सियालाचा फोन आला. "मिळालं?"

"मिळालं."

"एक तरी वाक्य धड बोललीस का?"

"एकही नाही," लमारा नव्या पलंगावर टेकत म्हणाली. "आपल्या कुताइसीच्या कॉलेजात इटालियन शिकवताना ज्या चुकांसाठी पोरांना नापास करायचे ना, त्या सगळ्या ओळीनं केल्या."