कपावरचा चमचा

सून इमारतींमधली हवा तपासायचं काम करते. नवे मीटर आले की आधी आपल्याच घरात, खोलीखोलीत लावून बघते. माणसाच्या श्वासाने त्यांचा आकडा चढतो आणि तो तिला ऑफिसात मोबाइलवर दिसतो.

काल जेवताना म्हणाली, "आई, बाबांच्या खोलीतला मीटर बिघडलाय. खोलीला कुलूप, तरी दुपारी आत कुणी झोपल्यासारखा आकडा चढतो आणि संध्याकाळ झाली तरी उतरत नाही. उद्या काढून टाकते."

हे दुपारी दार लावून झोपायचे. हाकांनी कधी उठले नाहीत. चहा झाला की मी कपावर चमचा वाजवायची, मग "आलो, आलो! कान फोडतेस का?" म्हणत यायचे. ते गेल्यापासून तो चमचा वाजला नव्हता.

मीटर जायच्या आत मला एकदा बघायचंच होतं. आज घरात मी एकटीच होते. चहा केला, दोन कपांत ओतला आणि चमचा वाजवला.

थोड्या वेळाने सुनेचा फोन आला.

"आई, मीटर नीट झाला हो! आकडा झरझर उतरला." ती हसली, मग थांबली. "स्वयंपाकघरातला मात्र दोन माणसं असल्यासारखा वाढलाय. तुमच्याजवळ कोण बसलंय?"