फुगीर ओटा

दम्मामच्या एका शेखला आपला लग्नाचा हॉल जुन्या ग्रीक देवळासारखा, आठ खांबांचा हवा होता. खांबांखालचा लांबलचक ओटा राजापूरच्या बाबाजी गवंड्याने महिनाभर खपून बांधला. परदेशी लोकांच्या नोकऱ्या सौदींना देण्याच्या 'सौदीकरणात' जुन्या मल्याळी इंजिनिअरच्या जागी आलेल्या नबीलने पहिल्याच दिवशी त्यावर लेव्हल लावली, तर ओटा मध्यभागी चार बोटं उंच!

"हे काय?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

"पाणी वाहून जायला, साहेब. सपाट ओट्यावर पावसाळ्यात तळं साचतं."

"पावसाळा? दम्मामला?"

बाबाजीने वरचं कोरडं ठणठणीत आभाळ पाहिलं आणि जीभ चावली. हाताने सवयीने गावचाच उतार दिला होता.

"उद्या फोडायचा. आणि तुझं गावचं तिकीट काढतो. खलास!"

दुसऱ्या दिवशी नबील स्वतःच घण घेऊन हजर झाला. तेवढ्यात ग्रीसहून आलेला म्हातारा आर्किटेक्ट ओट्याच्या टोकाशी चक्क पालथा पडला, एक डोळा मिटून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिला, आणि उठून त्याने बाबाजीला मिठीच मारली.

नबीलने घण हळूच पाठीमागे लपवला. "हा म्हणतो, अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांच्या देवळांचे ओटे दुरून मध्ये खचलेले दिसू नयेत म्हणून मुद्दाम असेच फुगीर बांधायचे. नकाशात दाखवायचं राहून गेलं, मग तुला कुणी सांगितलं?"

बाबाजीने अंगावरचं सिमेंट झटकलं.

"त्यांना सांगा साहेब, त्या देवळांचा गवंडी आमच्या राजापूरचाच असणार."