पदराच्या गाठीतल्या गोळ्या

सोलापूरहून केमो घेऊन आल्यापासून तानाबाई सारखी ओकत होती. उलटी थांबवायची गोळी तर बिरुदेव न चुकता बायकोच्या तळहातावर ठेवत होता. आज त्यानं तिचं लुगडं धुवायला घेतलं, तर पदराच्या गाठीत सगळ्या गोळ्या तशाच सापडल्या.

"अगं, घेतल्या का न्हाईस?"

"मेंढरामागच्या कुत्र्यानं इख खाल्लं, तवा तुमीच मिठाचं पाणी पाजून वकवलं. वाचलं की! मंग माज्या पोटातलं कशापायी अडवायचं?"



तिच्या पोटात इख झालंय, सुयांनी ते निघंल, असं बिरुदेवानंच तिला सांगितलं होतं. कॅन्सर म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती.